लाडीची दुसरी सीट

रेतीच्या गोण्या दोन होत्या. एक ढेरपोटी, एक सडपातळ. दोघींना विमानाच्या दोन सीटांवर शेजारी शेजारी बसवलं होतं आणि सडपातळ गोणीला वाल्मिक आपल्या हाताने पट्टा बांधत होता. फार घट्ट नको, फार सैल नको, असा.

उज्ज्वला गोदामाच्या दारातच थबकली. दोन्ही सीटच्या खोळी शिवून झाल्या म्हणून ती लिंबायतच्या घरून रिक्षाने द्यायला आली होती. आणि इथे बघते तर काय, नवरा गोणीची मर्जी सांभाळतोय!

विमान सेठचं. परदेशातून पेट्यांमध्ये सुटं सुटं आलेलं. उडवायचं लायसन सेठकडे होतं, पण जोडायचं काम सेठच्या लूम कारखान्यातल्या फिटरकडे, म्हणजे वाल्मिककडे. त्यात दोन दिवाळ्या गेल्या. सेठ विमानाला लाडी म्हणायचा, लाडी म्हणजे नवरी. गल्लीतली इंदुबाई त्याच्या पुढची. ती भर नळावर विचारायची, "काय गं उज्ज्वला, तुझी सवत उडाली का?" उज्ज्वला हसायची आणि आतल्या आत जळून कोळसा व्हायची. का नाही होणार? पंखांचं कापड शिवलं तिने, मान धरली तिची. तेच कापड पंखांवर चढवून इस्त्रीने ताणून बसवलं या बाबाने. जन्मात कधी स्वतःचा शर्ट इस्त्री केला नाही, पण लाडीच्या पंखावरून इस्त्री अशी फिरवायचा, जणू तिला चटका बसेल!

"आलीस? ठेव तिकडे," वाल्मिक म्हणाला. मान काही वर केली नाही.

विमानाच्या तिन्ही चाकांखाली कापडाच्या गाठी तोलायचे तीन काटे ठेवले होते. माणसं बसल्यावर विमान पुढे कलतं की मागे, आणि एकूण भार किती होतो, ते आज बघायचं होतं.

"ही जाडी गोणी कोण?" उज्ज्वलाने विचारलं.

"सेठ."

"आणि ही?"

वाल्मिक चाकाशी वाकला. "ती असंच. वजन धरायचं म्हणून."

"कुणाचं?"

"असेल कुणाचं तरी. तू खोळी ठेव ना!"

बस्स. उज्ज्वलाच्या डोक्यात सणक गेली. कुणाचं तरी! सेठाणी तर सेठहून भारी. मग ही सडपातळ कोण? दुसरी कोण असणार, ऑफिसात फोन घेणारी ती हेतल! विमानातून तापी कशी दिसेल, असं परवाच विचारत होती म्हणे. दिसेल ना बाई, छान दिसेल. आम्ही शिवायचं आणि तुम्ही बसायचं! दुसरी खोळ शिवताना उज्ज्वलाने मनातल्या मनात त्या सीटवर स्वतःला बसवूनही पाहिलं होतं. वारा लागला तर पदर कुठे खोचायचा, इथपर्यंत ठरलं होतं तिचं. नवऱ्याला एकदा विचारलंही होतं, बसायला मिळेल का हो? "आपल्याला कोण बसवतंय," तो म्हणाला होता. "आपण जोडायचं, सेठ लोकांनी उडायचं."

"हेतल आहे ना ही?" तिने मोठ्याने विचारलं.

विमानापलीकडे काट्यावर वाकलेला, तिला आतापर्यंत न दिसलेला सेठ सरळ उभा राहिला आणि खो खो हसत सुटला.

"अरे भाभी, एणे कह्युं नथी? सांगितलं नाही तुला? आ गोणी तो वाल्मिकभाई छे! पहिल्या उड्डाणाला हूं अने वाल्मिकभाई. आता काटे आम्ही दोघं बघणार, तर सीटवर कोण बसणार? म्हणून गोण्या!"

उज्ज्वलाने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाना शोधत होता. पाना त्याच्याच हातात होता.

हेतल नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. कसला पडतोय! उलट आग जास्तच भडकली. हेतलचा राग करणं सोपं होतं. पण हा माणूस, हा रोज तिच्या हातची भाकरी खाणारा, वर जाणार होता. तिने शिवलेल्या कापडाच्या जोरावर जाणार होता, आणि तिला साधं सांगितलंही नव्हतं. आपल्याला कोण बसवतंय म्हणे! त्यातलं 'आपल्याला' म्हणजे ती एकटीच होती तर.

तिने खोळी खाली टाकल्या, पदर कमरेला खोचला आणि वर चढली. सडपातळ गोणीचा पट्टा सोडला आणि दिला एक धक्का. गोणी धप्पकन खाली पडली. उज्ज्वला तिच्या जागी बसली. तिन्ही काटे डोलले.

"अगं ए! उतर खाली!" वाल्मिक ओरडला. "सगळं वजन चुकेल!"

सेठने एकेक काटा पाहिला. डोळे बारीक करून पुन्हा पाहिला.

"नथी चूकतुं," तो म्हणाला. "जेवढी गोणी, तेवढीच भाभी. एकदम बराबर."

आता मात्र वाल्मिकच्या तोंडचं पाणी पळालं. तो सीटजवळ आला. सेठला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला, आणि तो आवाज रडवेला झाला होता.

"असं काय करतेस गं? दोनच सीटा आहेत. तू बसलीस तर मी कुठे बसू?"

उज्ज्वलाने पट्टा ओढून आपल्या कमरेला लावून घेतला.

"घरी बसा," ती म्हणाली.