फाटका आवाज

स्वराजनं पुण्यातून फझ पेडल आणला. पायानं दाबला की गिटारचा गोड आवाज फाटून बिबट्यासारखा गुरगुरायचा. सगळी नशा त्या फाटण्यातच. अवसरीच्या जत्रेत तो पहिल्यांदाच वाजवणार म्हणून वडील चांगदेवआबा पुढच्याच खुर्चीत बसले.

त्यानं पेडल दाबला, तसा नारायणगावचा साउंडवाला जालिंदर किंचाळला, "आरं, स्पीकर फाटला राव!" अन् धावत येऊन त्यानं गिटारची वायरच उपटली.

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वराजचे डोळे भरून आले. त्यात आबा शाल-नारळ घेऊन स्टेजवर चढलेले बघून तो वाकलाच.

 

आबांनी त्याला ओलांडून जालिंदरच्या खांद्यावर शाल टाकली. "लई उपकार झालं, पावणं! घरी कंची वायर उपटायची, तेच आमाला कळत नव्हतं."