लग्नाची बॅग

लाल बॅगेची चेन ऐन लग्नाच्या सकाळी गेली. जोतीरामने तिला साबण लावला, मेण लावलं, पक्कडीने धरून ओढली, मग एक शिवी घातली. चेन जागची हलली नाही, बॅग उघडीच राहिली. स्कूटरला किक मारायची वेळ झाली होती. चडफडत त्याने कॅमेरा, फ्लॅश आणि रोल काळ्या बॅगेत कोंबले आणि उचगावचा रस्ता धरला.

काळी बॅग मयताची होती. शिवाजी पेठेत कोणी गेलं, की घरच्यांना आधी जोतीराम आठवायचा. बाकीचे फोटोवाले असल्या कामाला नाही म्हणत. याला ते जमत नसे. गेलेल्या माणसाचे केस विंचरायचे, हनुवटीला बांधलेली पट्टी उपरण्याखाली सारायची, आणि भिंतीवर लावता येईल असा एक फोटो काढायचा. हे काम तो मन लावून करी. त्याचं बक्षीस काय, तर ती बॅग खांद्याला दिसली की लोक दारं लोटून घेत, आणि लग्न निघालं की राजारामपुरीतल्या चकचकीत स्टुडिओत जात.

म्हणून त्याने लाल बॅग घेतली होती. तिच्यात जादा रोल, सेफ्टी पिना, पावडरचा डबा, नवरीचं कपाळ टिपायला रुमाल. काळीत कंगवा, टॉवेल, अंधाऱ्या खोलीसाठी बल्ब आणि लांब वायर. लोकांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं. तरी या सीझनला उचगावचं हे एकच लग्न हाती लागलं होतं. हेही गेलं असतं, तर दुकानाच्या पाटीवरचं ‘लग्नकार्य’ पुसून टाकायचंच बाकी होतं.

नवरीचे चुलते अण्णासो मांडवाच्या तोंडाशीच उभे होते. शुभ-अशुभ सगळं थोतांड, हे त्यांच्याइतकं ठासून पंचक्रोशीत कोणी सांगत नसे. त्यांची नजर बॅगेवर गेली आणि ते उगाच खाकरले.

“जोतीराम, ही बॅग तेवढी भायेर ठेवा की. मी असलं काय मानत न्हाय. पर बायका बघाय लागल्यात.”

बायका बघतच होत्या. त्यांच्यातून नवरीची आई, मीनाबाई, पुढे आल्या. नवरीचे वडील, आबा, गेले त्या दिवशी हीच बॅग मीनाबाईंच्या दारात आली होती.

“ती बॅग मांडवात नगं,” त्या हळूच म्हणाल्या. “मालक गेलं तवा ती माझ्या उंबऱ्यात हुती. आज माझी पोर लग्नाला उभी ऱ्हातीया.”

बाईंचं काही चुकत नव्हतं. कॅमेरा गळ्यात अडकवून बॅग स्कूटरला लावली असती, तर विषय तिथंच मिटला असता. जोतीरामने कॅमेरा बाहेर काढून त्यावर फ्लॅश चढवलाही. पण सकाळपासून डोकं तापलेलं होतं. किती घरांत त्याने आपल्या हाताने मेलेल्या माणसाचे केस विंचरले होते, आणि लोकांच्या लक्षात राहिली होती ती फक्त बॅग. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते रागाच्या तोंडाने बाहेर पडलं.

“बॅग भायेर ठिवून काय हुणार हाय, वैनी? कॅमेरा एकच हाय माझ्याकडं. लग्नाला त्योच, मयताला बी त्योच. बॅगा तेवढ्या दोन.”

बोलून बसल्यावर आपण काय केलं ते जोतीरामला कळलं. अण्णासो टेबलावरच्या बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या सारख्या करायला लागले. मीनाबाई पदर तोंडाला लावून खुर्चीवर बसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “दुसरा बलवा की मग.”

जोतीरामने फ्लॅश काढून टॉवेलात गुंडाळला. आता त्याला रागही येत नव्हता. उद्या सगळ्या पेठेला कळणार, आणि पुन्हा कुठल्याच मांडवात आपल्याला कोणी बोलावणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

तेवढ्यात नवरी बाहेर आली. संघप्रिया. पांढरी साडी, गजरा अर्धाच माळलेला. दोघीतिघी तिला आत ओढायला धावल्या. ती थांबली नाही. सरळ जोतीरामपाशी येऊन कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

“आमच्या आबांचा फोटू ह्याच्यातनंच काढलासा?”

“व्हय,” जोतीराम म्हणाला. त्याला मान वर करता येईना.

“आबांचा दुसरा फोटूच न्हाय आमच्यात. कोण काढाय लागलं की आम्हाला म्होरं ढकलायचं आन् आपण मागं सरायचं.” मग ती आईकडे वळली. “आई, आबा आयुष्यात ह्या एकाच कॅमेऱ्याफुडं थांबलं. मी बी ह्याच्याच फुडं उभी ऱ्हाणार.”

संघप्रिया मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिने पदर सारखा केला. जोतीरामने फ्लॅश पुन्हा बसवला.

मीनाबाई डोळे पुसत उठल्या. लेकीच्या रांगेत आल्या, पण तिला खेटून उभ्या राहिल्या नाहीत. दोघींच्या मधे एका माणसापुरती जागा राहिली.

जोतीरामने कॅमेरा डोळ्याला लावला. त्याने त्यांना जवळ सरायला सांगितलं नाही.