तिळाची जागा

पॅरिसच्या साप्ताहिकात फेलिसियाँ चित्रांतून बापांची टवाळी करायचा. बाप झाल्यावर त्याने दगडावर आपलंच चित्र काढून छापलं: तान्हं लेकरू ओल्या छत्रीसारखं लांब धरलेला बाप. लेकरू खेड्यात पगारी दूधआईकडे वाढायला गेलं, तेव्हा ओळखीसाठी एक प्रत सोबत दिली. दुसरी भिंतीवर लावली. लेकराचा चेहरा म्हणून आईने वर्षभर तीच पाहिली. आज दूधआई पोराला घेऊन परतली. "चित्राशी ताडून घ्या, बाईसाहेब. तीळसुद्धा जागचा हलला नाही!" खरंच, चित्रात तीळ उजव्या गालावर होता, इथेही उजव्याच. पण फेलिसियाँला तो दगड आठवला. दगडावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. त्याच्या लेकाचा तीळ डाव्या गालावर होता. त्याने दूधआईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली; तिच्या बोटाला काजळ लागलं होतं. "तोंड किती मळलंय माझ्या राजाचं!" म्हणत बायकोने ओलं फडकं घेतलं. फेलिसियाँने तिचा हात धरला. "राहू दे. पुसू नकोस."