सोफ्याची कड

“या सोफ्यावर कुणीतरी रोज बसतं,” सोफा आडवा पाडून बसलेला कारागीर म्हणाला आणि वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कुणीही बसत नाही! बारा वर्षांत पाहुणे आले असतील सहा-सात वेळा, तेवढेच काय ते बसले. कापड विटलंय, ते बदला. नसती कामं काढू नका.”

रविवारी मिस्टरांचे मोठे साहेब चहाला येणार होते. बाराव्या वर्षी का होईना, खोलीचं चीज होणार होतं. घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात उजेडाची खोली ती. दोन खिडक्या, काचेचं कपाट, कपाटात कधीही चहा न पाहिलेले कप. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण, कारण धूळ. पडदे कायम ओढलेले, कारण ऊन. घरची माणसं जेवायची स्वयंपाकघरात, भांडायचीही तिथेच, आणि टीव्ही बघायला पलंगावर दाटीवाटीने बसायची. खोली मात्र पुढे ऐसपैस पसरलेली असायची, बिनकामाच्या जावयासारखी.

सासऱ्यांची घडीची कॉट स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात होती. बाथरूमला जाणाऱ्याला तिथून अंग चोरूनच जावं लागे. “बाबांना पुढच्या खोलीत झोपवू या का?” असं मिस्टर एकदा चाचरत म्हणाले, तेव्हा वहिनींनी दोन दिवस अबोला धरला होता. “आणि पाहुण्यांना बसवू बाथरूमच्या दारात! चार माणसं आली तर त्यांना बसवायला धड एक खोली नको?”

उगाच नव्हतं ते. माहेरी एकच खोली. शाळेतल्या बाई एकदा अचानक घरी आल्या, तेव्हा आईने कॉटवरचे ओले कपडे घाईघाईने कोपऱ्यात सारले आणि पदराने कॉट पुसली. बाई हसून बसल्या. ती लाज वहिनींना आजही काट्यासारखी सलायची. त्या दिवशीच त्यांनी ठरवलं होतं, आपल्या घरात पाहुण्यांची वेगळी खोली असेल.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि सासरे एक ट्रंक घेऊन इथे राहायला आले. उभा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. स्वतः उभं राहून दुसऱ्यांना जागा करून देणारा. वहिनींनी दारातच सांगून टाकलं होतं, “बाबा, घर तुमचंच आहे. फक्त ही एवढी खोली पाहुण्यांसाठी आहे हं.” ते “बरं” म्हणाले होते. त्यानंतर त्या खोलीत त्यांचं पाऊल पडलेलं वहिनींनी कधी पाहिलं नव्हतं.

“हात लावून बघा ना,” कारागीर म्हणाला. त्याने दाराजवळच्या बैठकीचं कापड सोडवलं होतं. “मधला फोम नव्यासारखा आहे. पाठ तर कोरी करकरीत. पण पुढची ही कड बघा, पार चेपलीय. खालच्या स्प्रिंगाही ढिल्या झाल्यात. कुणीतरी वर्षानुवर्षं नुसतं कडेवर बसतंय. घरचं माणूस असं बसत नाही, वहिनी. घरचं माणूस मागे रेलतं, पाय वर घेतं.”

वहिनींनी हात लावला. कड खरंच बसली होती. दातांच्या दवाखान्यात नंबर द्यायची त्यांची नोकरी. बाकाच्या टोकाला अवघडून बसणारी माणसं त्या रोज बघत. बाहेरचं माणूस! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आपण ही खोली जिवापाड जपायची, साधी धूळ बसू द्यायची नाही, आणि आपली पाठ वळली की कुणीतरी येऊन इथे खुशाल बसायचं?

“कामवाल्या मावशी! दुसरं कोण? दुपारी ही खोली झाडायला त्याच येतात. विश्वासाने घर सोपवलं, त्याचे हे पांग फेडले. आत्ताच फोन करते. उद्यापासून येऊच नका म्हणते!”

त्यांनी खरंच फोन उचलला.

“तिला काही बोलू नकोस.”

सासरे दारात उभे होते. कारागिरासाठी पाण्याचा पेला घेऊन आले होते, पण उंबरठ्याच्या अलीकडेच थांबले होते.

“तिच्या पोटावर पाय नको. मी बसतो तिथे.”

वहिनींचा हात फोनसकट तसाच राहिला. “तुम्ही? बाबा, तुम्ही?”

“दुपारी. तू कामावर गेलीस की तासभर. प्लास्टिक काढून नीट घडी करून ठेवतो, उठलो की परत घालतो. पडदा जरा सारला की खिडकीतून उजेड येतो ना इथे, पेपर वाचता येतो.” त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. “कड चेपली, हे माझ्या लक्षात नाही आलं. पाठ मात्र कधी टेकली नाही हं.”

कारागिराने मान खाली घालून उगाचच खिळे वेचायला घेतले. परक्या माणसासमोर हे असं! वहिनींचा आवाज चढला. “मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, बाबा? ही खोली कुणासाठी आहे, ते सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतंस की,” सासरे म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता, तिकिटावरचा नंबर वाचून दाखवावा तसं ते म्हणाले, “पाहुण्यांसाठी आहे म्हणालीस. म्हणून तर बसलो.”