दोन गुडघ्यांमधली उशी

"पाय उचला. फक्त टाच गादीवरून सुटू दे," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

आईने डोळे मिटले, ओठ घट्ट आवळले. टाच जागची हलली नाही.

दाराशी उभ्या असलेल्या मुलाने मान खाली घातली. ऑपरेशननंतरचा पाचवा आठवडा संपत आला होता.

खुब्याचा सांधा दुसऱ्यांदा बदलला होता. बारा वर्षांपूर्वी बसवलेला सैल झाला होता. तो काढताना मांडीचं हाड तडकलं, त्याला तार गुंडाळावी लागली. चार तासांचं ऑपरेशन सात तास चाललं. घरी सोडताना सक्त ताकीद दिली होती : वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये तिकोनी उशी हवीच. जिन्याचं तर इतक्यात नावच काढायचं नाही.

बाहेर आल्यावर फिजिओथेरपिस्ट हळू आवाजात बोलली. एक्स-रे चांगला होता, हाड छान जुळलं होतं. एव्हाना त्या वॉकर घेऊन घरभर फिरायला हव्या होत्या. "शरीर तयार आहे हो. मनानेच हाय खाल्लीय की काय, कळत नाही."

जाताजाता तिने वॉकर आडवा करून पाहिला. चारही पायांची रबरं झिजून गुळगुळीत झाली होती. "दुकानदाराने जुनीच रबरं गळ्यात मारली तुमच्या. बदलून घ्या, नाहीतर घसरतील."

तो आत आला तेव्हा आई छताकडे बघत होती.

"गेली का हवालदारीण?"

"गेली. आई, अगं थोडा जोर कर ना."

"करतेच आहे रे. पायच ऐकत नाही." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुझ्या कारखान्यातून काही विचारणा नाही?"

"भरपूर रजा आहे शिल्लक. तू चालायला लागलीस की जाईन."

आईने भिंतीकडे तोंड केलं. "मग सावकाशच होऊ दे," ती म्हणाली.

तो स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत राहिला. रजा वगैरे काही नव्हती. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रंगाच्या कारखान्यातला त्याचा अख्खा विभागच बंद झाला होता. एकोणीस वर्षं रंग मिसळण्यात गेली, आणि निरोप आला तो फोनवर. रीतसर पत्र घरच्या, म्हणजे आईच्या, पत्त्यावर पाठवतो, असं साहेब म्हणाले होते. कारखान्याजवळची भाड्याची खोली त्याने त्याच आठवड्यात सोडली. आई आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

टपालपेटी खाली, दोन मजले उतरून, चौतीस पायऱ्यांखाली होती. त्याला त्याचंच बरं वाटायचं. पत्र कधीही आलं तरी त्याच्याच हाती पडणार. रोज अकरा ते एक, औषधं आणि भाजी आणतो म्हणून तो बाहेर पडायचा आणि कामासाठी दारोदार फिरायचा. परत आल्यावर सामान ठेवून, दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन खाली पेटी बघून यायचा. पेटी रिकामी असायची. विसरले असतील, बरंच झालं, असं म्हणून तो किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवायचा.

आईने चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. खडूची रेघ न ओढता तिची कात्री सुतासारखी सरळ चालायची, आणि मशीनच्या तालावर तोंडात देवाचं पद असायचं. घरी आल्यापासून त्याने ते ऐकलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे आजोबा मात्र एकदा म्हणाले, "तुझी आई दुपारी छान गाते रे. अगदी दाराबाहेर बसून गातेय असं वाटतं." आजोबांचे कान तसे गेलेलेच होते. तो नुसताच हसला.

खोलीचा पडदा दिवसासुद्धा ओढलेला असायचा. मलमाचा वास भिंतींत मुरला होता. त्याने अंथरूण बदललं, चादरी धुतल्या, पण त्या उशीचा अभ्रा आईने एकदाही काढू दिला नाही. "तिला हात लावू नकोस. जरा सरकली तरी जीव जातो माझा."

संध्याकाळी तो देवाकडे एकच मागणं मागायचा : हिला चार पावलं चालव, बाकी माझं मी बघतो.

सहावा आठवडा संपला त्या दिवशीही टाच हलली नाही. व्यायामाने दमून आईचा डोळा लागला. फिजिओथेरपिस्ट बाहेर आली ती तिकोनी उशी काखेत घेऊनच.

"हिची गरज संपली आता. अभ्रा धुऊन दुकानात परत देऊन टाका." दारात ती घुटमळली. "मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवा. असं राहिलं तर कायमच्याच अंथरुणाला खिळतील."

तिच्या मागे दार लावून तो उशी घेऊन मोरीत गेला. त्याने बादली भरायला लावली आणि अभ्रा उलटा केला.

आत काहीतरी कुरकुरलं.

लांबट पाकीट होतं ते. वर कारखान्याचा शिक्का, खाली त्याचं नाव. एका कडेने कात्रीने उघडलेलं, सुतासारखं सरळ. आतला कागद इतक्या वेळा उलगडला गेला होता की घडीवर विरला होता. तिकिटावरच्या छापातली तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

त्याने नळ बंद केला. दाराजवळच्या खिळ्यावर टपालपेटीची किल्ली लटकत होती.

आतल्या खोलीतून आईची हाक आली.

"बाळा, आजही नाही रे जमलं. तुला अजून थोडे दिवस राहावं लागणार."