मास्तरांचे हात

नाणं सुटेना.

तोकुनागा मास्तरांच्या बोटांत ते होतं आणि ओसाकाच्या बाजारगल्लीतली सगळी मंडळी त्यांच्या कॉफीच्या दुकानात कप हातात धरून बघत बसली होती. एका नाण्याची दोन व्हायची होती. मास्तरांनी अंगठा सरकवला, मनगट फिरवलं, फुंकर मारली. एकाचं एकच.

“अहो मास्तर, नाणं बाळंत व्हायला इतका वेळ? सुईणीला बोलावू का?” हामादा काकू ओरडल्या. समोरच्या दुकानात त्या मासळीच्या वड्या विकतात आणि त्यांचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना जातो. सगळे खो खो हसले. हसला नाही तो फक्त कानझाकी, कोबेच्या एका हॉटेलचा मॅनेजर. दर शनिवारी मास्तरांचा जादूचा खेळ ठेवायचा की नाही, हे ठरवायलाच तो आला होता.

काउंटरमागे मास्तरांची शिष्या चिहारु उभी होती. नाणं का सुटत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या नाण्यावर दुसरं नाणं होतं. आतून कोरून पातळ केलेलं, खऱ्या नाण्यावर टोपणासारखं चपखल बसणारं कवच. जपानी नाण्याला कानस लावली तर पोलीस दारात, म्हणून अमेरिकी अर्ध्या डॉलरचं. ते घडवणारा कारागीर कधीच वारला, आता तसं करून देणारं कुणी नाही. म्हणून मास्तर पहिल्या दिवसापासून चिहारुकडून घोकून घेत. कडेवर दाब द्यायचा नाही. टेबलावर आपटायचं नाही. काम झालं की मखमलीच्या डबीत. आणि घासायचं तर मुळीच नाही. “काळं पडलं तर पडू दे. चकाकणाऱ्या नाण्याकडे लोक नको तेवढं बघतात,” असं ते म्हणायचे.

आणि या शहाणीने काल ते घासलं! हॉटेलवाला येणार, मास्तरांचं नाणं जरा उठून दिसू दे, म्हणून. टूथपेस्ट लावून, अंगठ्याने दाबून दाबून. कवचाची कड जराशी आत गेली. बोटाला ते कळलंही होतं तिच्या. चालेल, एवढ्याने काय होतंय, असं तिने स्वतःलाच समजावलं आणि मास्तरांपाशी तोंड उघडलं नाही.

मास्तरांनी पुन्हा जोर लावला. नाणं निसटून गालिच्यावर पडलं. त्यांनी ते उचललं तेव्हा त्यांची बोटं थरथरत होती. इतक्या वर्षांत ते हात थरथरताना चिहारुने कधी पाहिले नव्हते.

“आणा इकडे, बघू तरी मेल्या नाण्याला काय झालंय ते!” हामादा काकूंनी हात पुढे केला.

मास्तरांनी मूठ मिटली. “नाण्याला काय धाड भरलीय, हामादाबाई? हातच गेले माझे.” त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. थरथर शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसली. मग कमरेत वाकून ते म्हणाले, “माफ करा मंडळी. खेळ संपला. आजचाच नव्हे, कायमचा.”

कुणी हसलं नाही. कानझाकी उठला, वाकला, “तब्येतीला जपा,” म्हणाला आणि निघाला. बाकीचे त्याच्या मागोमाग, खाली बघत. चिहारु फडकं हातात धरून उभी राहिली. आत्ता बोल, आत्ता बोल, असं ती स्वतःला म्हणत होती. शेवटचा माणूस बाहेर गेला तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

“मास्तर, तुमचे हात नाही गेले हो! मी नाणं घासलं काल. कड दाबली गेली. कळत होतं मला, तरी मी गप्प बसले.” ती दाराकडे वळली. “कानझाकींना स्टेशनवर गाठते. सगळं सांगते.”

“काय सांगशील?” मास्तर कपात कॉफी ओतत होते. काठोकाठ भरली, थेंबभर सांडली नाही.

“की नाणं बिघडलं होतं.”

“चांदीचा तुकडा तो. साधं नाणं कधी बिघडतं का गं?”

चिहारु दारातच थांबली.

“डबी उघडली तेव्हाच दिसलं मला, लख्ख चकाकत होतं. वाटलं, निभावून नेऊ. नाही निभावलं, नाणं पडलं, तेव्हा हात थरथरवायला लागलो. वर त्या बाईचा हात नाण्याकडे आला. तिची नजर दुसरीकडे न्यायला हवी होती. मग हात दाखवले.”

“पण शनिवारचं काम? तुमचं नाव?”

“माझं नाव गेलं तर माझं एकट्याचं गेलं. ते नाणं उघडं पडलं असतं तर आणखी किती जादूगारांच्या पोटावर पाय आला असता, याचा विचार कर.”

दार धाडकन उघडलं. हामादा काकू होत्या. हातात औषधी पट्ट्यांचं पाकीट, डोळे लाल.

“लाव गं पोरी, त्यांच्या दोन्ही हातांना लाव. माझ्या गुडघ्याला गुण आलाय याने. आणि तू गं? रोज त्यांच्याजवळ असतेस, एवढी थरथर तुला दिसली नाही?”

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि हात काउंटरवर पसरले. ते पुन्हा थरथरू लागले होते.

चिहारुने पट्टी कागदावरून सोडवली. त्या धडधाकट बोटांवर ती नीट, सुरकुती न पडू देता चिकटवली. मग दुसरी घेतली.

“चुकलंच माझं, काकू,” ती म्हणाली. “वय झालं त्यांचं. मलाच आधी दिसायला हवं होतं.”