आखाजीच्या आदल्या दिवशी

आठ पायांची ती चिमुकली चिप नानांनी चिमट्यात धरली आणि पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. जळगावच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला लोखंडी जाळीचं दार होतं आणि जाळीला आतून कुलूप. आतून कुलूप लावतं का कुणी? पण विचारायचं कोणाला.

त्यांचा मुलगा योगेंद्र सकाळी कामाला जाताना अट घालून गेला होता. माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम चालू करून द्या, मग उद्या तुम्हाला धुळ्याला नेतो. चाळिशी गाठली, टाळू दिसायला लागली, तरी या माणसाचं गेमचं खूळ काही जाईना. सीडी सगळ्या कॉपी केलेल्या, आणि ते यंत्र मोठं शिष्ट, अस्सल सीडीशिवाय चालतच नाही. ही चिप आत बसवली की म्हणे कुठलीही सीडी निमूट घेतं. चार तारा जोडायच्या, चार ठिकाणी कथलाचा थेंब टाकायचा, झालं.

झालं म्हणायला काय जातं! नानांची सारी नोकरी एसटीचं स्टिअरिंग फिरवण्यात गेली होती. कथील वितळवायचं सोल्डरिंग त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं. पण उद्या आखाजी होती, अक्षय्य तृतीयेचा माहेरवाशिणींचा सण. लेक हेमांगी धुळ्याला सासरी, आणि माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेकीने निघायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. गल्लीतल्या सगळ्या लेकी झोक्यावर बसणार आणि आपली तेवढी पिशवी भरून सासरच्या ओट्यावर वाट बघत राहणार.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली.

ती पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. आत भरताची हिरवी वांगी भाजत होती, त्यांचा वास तिच्या मागोमाग आला. नानांनी किल्ली मागितली. तो आला की उघडेल, असं ती म्हणाली. किल्ली तिच्या कमरेलाच खोचलेली होती, नानांना दिसत होती. पंखा लाव म्हटलं तर बिघडलाय म्हणाली, आणि वर त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. आखाजीच्या तोंडावर, भर उन्हाळ्यात शाल! नाना मनातून भडकले. पोराने कोंडायचं, सुनेने राखण करायची, आणि बापाने गेमचा डबा दुरुस्त करत बसायचं. एवढी वर्षं गाव न् गाव हिंडलेल्या माणसाला या खोलीत श्वास पुरत नव्हता.

मग त्यांनी मुकाट्याने यंत्र उलटं केलं. स्क्रू हात लावताच सुटले. आतल्या हिरव्या पट्टीवर, चित्रात खुणा केलेल्या चारही ठिकाणी, आधीच थोडं कथील चमकत होतं. कंपनीच तशी सोय करून देत असेल. सोल्डरिंग तापलं. ती शेजारी बसली, तारेचं दुसरं टोक धरून.

पहिली तार दोनदा निसटली. दुसरी बरी बसली. तिसरी तर एका दमात. नवशिक्याच्या मानाने हात सराईतासारखा चालला होता, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

चौथी जागा अडचणीची होती. थेंब शेजारच्या पायाला भिडला की यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं की धुळंही गेलं. नानांनी सोल्डरिंग बाजूला ठेवलं. हात जरा निवू द्यावे म्हणून ते बोलायला लागले. हेमांगीच्या लग्नानंतरची पहिली आखाजी. त्यांची ड्युटी लांबली आणि ते धुळ्याला पोचले तेव्हा दिवस बुडत आला होता. पोर सकाळपासून ओट्यावर बसून होती. डोळे रडून सुजलेले.

"काहीच बोलनी नही ती," नाना म्हणाले. "पन मना मनमा सल शे तो."

तिने हातातल्या तारेचं टोक सरळ केलं.

"तिने नसेल धरलं मनात, नाना. उशिरा का होईना, तुम्ही आला होतात. तेवढं पुरलं असेल तिला."

परक्या घरातून आलेल्या बाईला काय ठाऊक, असं नानांना वाटलं, पण बरंही वाटलं. त्यांनी श्वास रोखला आणि चौथी तार जोडली.

दिवेलागणीला योगेंद्र आला. त्याने सीडी घातली. यंत्र घरघरलं, पडदा काळा झाला, आणि नानांचा जीव टांगणीला लागला. मग गाणं वाजलं आणि लाल मोटार सुसाट निघाली. योगेंद्रने टाळ्या वाजवल्या, वडिलांची पाठ थोपटली. नानांनी मोटारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बठ्ठा तार जोडाई ग्यात," ते म्हणाले. "आत्ते तू शब्द पाय. सकाय हेमांगीले लेवाले जानं शे."

"शब्द पाळतो, नाना. उद्या जाऊत, पहिल्याच गाडीने."

नानांचा राग कुठल्या कुठे पळाला. ते भरत आणि कळण्याची भाकरी पोटभर जेवले. इस्त्रीचा सदरा आणि टोपी त्यांनी उशाशी काढून ठेवली. या वेळी पोरीला ताटकळत ठेवायचं नाही, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी गोधडी अंगावर ओढली. जरा वेळाने ते घोरायला लागले.

योगेंद्रने त्यांच्या खोलीचं दार हळूच लोटलं. टीव्ही बंद करून त्याने यंत्र उलटं केलं आणि स्क्रू काढले; सकाळी नानांना चारही तारा पुन्हा नव्याने जोडायच्या होत्या. तोवर तिने सोल्डरिंग तापवलं होतं. ती ते पहिल्या तारेवर टेकवणार, तोच त्याने तिच्या हातून काढून घेतलं.

"राहू दे, हेमांगी. काल तूच काढल्या होत्यास, आज मी काढतो."